एक गुलाबी, एक किरमिजी

आश्विन सरत आला की धरमपेठेत संध्याकाळी दिवा लावायची चोरी होते. पाऊस गेलेला असतो, थंडी अजून वर्धा रोडपर्यंतही आलेली नसते, आणि नेमक्या त्या पंधरवड्यात जगातली सगळी पाखरे आपल्याच ओसरीवर जमतात असे प्रत्येक घराला वाटते. हिरवे तुडतुडे, तपकिरी पतंग, कुठली तरी पंख टाकून पळणारी वाळवी! गृहिणी दिवे मालवतात, मुले केरसुणी घेऊन धावतात, आणि घरातले वडीलधारे गृहस्थ वर्तमानपत्राची गुंडाळी करून एकेकाचा निकाल लावतात. याच घरात सकाळी अंगणातल्या जास्वंदीवर एखादे फुलपाखरू बसले तर हीच मंडळी ओठांवर बोट ठेवून उभी राहतात. “हळू! उडेल ते!”

रात्री आले तर पतंग, दिवसा आले तर फुलपाखरू. एकाला केरसुणी, दुसऱ्याला कौतुक. वास्तविक दोघे एकाच कुळातले भाऊबंद. दोघांच्याही पंखांवर खवल्यांची तीच धूळ, दोघांचेही बालपण अळीचे. त्यातही आमच्या कवींनी पतंगावर दिव्याच्या प्रेमात जळून जाण्याची जबाबदारी टाकलेली आहे. त्याला ती अजून कोणी कळवलेली नसावी.

पण हा न्याय किती कच्चा आहे, हे धरमपेठेतल्या लिंबाच्या कुंडीवरूनच कळते. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेले ते झोकदार फुलपाखरू लिंबाभोवती घिरट्या घालते, तेव्हा घरातल्या आजी नातवंडांना बोलावून दाखवतात. चार दिवसांनी त्याच लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे काही चिकटलेले दिसते आणि आठवड्याने डहाळी बोडकी होते. ती अळी त्याच पाहुण्याची. संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच स्वारी आली की तिला कीड म्हणतात. उलट भंडारा-गडचिरोलीच्या रानात ऐनाच्या झाडांवर टसरचा पतंग जपला जातो. ढिवर मंडळी पाखरांपासून अळ्यांची राखण करतात, आणि त्या कोशांचा कोसा आपल्याकडे लग्नाच्या सोवळ्यात मिरवतो. म्हणजे केरसुणी कोणाला आणि कौतुक कोणाला, हे पंखांवरून ठरत नाही. आपल्या ताटातले कोण खाते आणि आपल्या ताटात कोण भर घालते, यावरून ठरते.

एवढे कळूनही मला खरा नवल वाटला तो दोन प्राण्यांचा. एक कपाशीतला, एक झुडपातला. एकाच्या नावात गुलाब आहे, दुसऱ्याच्याही नावात गुलाब आहे. आणि दोघांचे आयुष्य एकेका झाडाला बांधलेले आहे.

आधी रानातला. लॉ कॉलेजचा चौक ओलांडून फुटाळ्याच्या अंगाने वर गेले की सेमिनरी हिल्स लागते. टेकडीवरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून तिला हे नाव पडले. बालोद्यान आणि जपानी बाग पाहायला येणारी गर्दी सोडून वनखात्याच्या झुडपात थोडे आत शिरावे. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, घाणेरीच्या फुलांवर, नशीब असेल तर ते दिसते. काळे मखमली पंख, पुढच्या पंखांवर पांढरे दोन पट्टे, मागच्या पंखांवर लाल ठिपक्यांची माळ, आणि अंग असे लाल की कोणी कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढले असावे. इंग्रजीत त्याला क्रिमझन रोझ म्हणतात. म्हणजे किरमिजी गुलाब. हा किरमिजी शब्द मोठा गमतीचा आहे. तो फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आला. पण त्याचे मूळ शोधत गेले की ते आपल्याच ‘कृमिज’ शब्दाशी येऊन थांबते, असे कोशकार सांगतात. किड्यापासून निपजलेला रंग तो किरमिजी. इंग्रजांचा क्रिमझनही त्याच घराण्यातला. राजेमहाराजांच्या शालींचा रंग किड्याच्या नावावर चालला, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुली हळूच आपल्या ओढण्यांकडे पाहतात.

हे फुलपाखरू उडते फार संथ. घाई त्याला ठाऊक नाही, कारण त्याला कोणी खात नाही. त्याची अळी ज्या वेलींवर वाढते त्या विषारी असतात. एक सापसंद, दुसरी किडामारी. अळी ते विष पोटात साठवते, फुलपाखरू झाल्यावरही जपते, आणि अंगावरच्या लाल रंगाने पक्ष्यांना ताकीद देते. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. माणसाच्या मूत्रपिंडालाही ते विष घातक आहे, म्हणून झाडपाल्याची हौस असलेल्यांनी या वेलीच्या वाटेला न जाणे बरे.

आणि आता गंमत पाहा. किडामारी म्हणजे किड्यांना मारणारी. नाव ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना तिचा गुण पक्का ठाऊक होता. जगातले बहुतेक किडे तिला तोंड लावत नाहीत आणि या अळीला मात्र तिच्या कुळातल्या वेलींवाचून दुसरे काही चालत नाही. तिच्यापुढे कोबी ठेवा, कढीपत्ता ठेवा, गुलाबाच्या पाकळ्या ठेवा. ती उपाशी मरेल, पण पंक्तीला बसणार नाही. इतके सोवळे आमच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांतही पाळले जात नसेल.

तिचा तोरा पाहून तिची नक्कल करणारेही निघाले. आपल्या परसातल्या कढीपत्त्यावर वाढणारे एक साधे काळे फुलपाखरू आहे. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात. त्याच्या काही माद्या हुबेहूब किरमिजी गुलाबाचा वेष घेऊन हिंडतात. पोटात विष नाही, पण थाट विषारी. पक्षी फसतात. मला या बहुरूपिणीचे कौतुक वाटते. विद्वानांच्या सभेत नुसत्या उपरण्यावर निभावून नेणारी माणसे मी पाहिली आहेत. मात्र नक्कल टिकायची तर अस्सल माल आसपास हवा. अस्सल दुर्मीळ झाले की पक्ष्यांना धडा कोण देणार? मग बहुरूपिणीचेही दिवस भरले.

किरमिजी गुलाब पृथ्वीवरून नाहीसा होत चालला आहे असे नाही. दक्षिण भारतात आणि लंकेत तो काही ठिकाणी मुबलक दिसतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत, त्याचे नाव वर्षानुवर्षे होते. २०२२ साली त्या अनुसूचींची मांडणी बदलली. कायद्याच्या याद्या मात्र मोठ्या मौजेच्या असतात. शेंगांवर जगणारे एक चिमुकले निळे फुलपाखरू आहे. त्याची अळी तुरीच्या शेंगा पोखरते, म्हणून शेतीच्या पुस्तकांत ते किडींच्या प्रकरणात आहे. आणि त्याच फुलपाखराचे नाव त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही होते. एका सरकारी खात्याने फवारावे आणि दुसऱ्याने फवारणाऱ्याला धरावे, असा प्रसंग कधी ओढवला नाही, ही आपल्या खात्यांच्या परस्पर अपरिचयाची कृपा!

नागपूरला ही माहिती नवी नव्हे. आपल्या अजबबंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, डॅब्रू नावाचे एक गृहस्थ काम करीत. १९३१ साली त्यांनी त्या वेळच्या मध्यप्रांतातल्या फुलपाखरांची यादी छापली. तीत १७७ जाती आहेत. पुढे २००९ साली दोन अभ्यासकांनी केवळ नागपूर आणि आसपासच्या १४५ जातींची नोंद प्रसिद्ध केली. अजबबंगल्यात आपण मुलांना घेऊन जातो ते भुसा भरलेला वाघ पाहायला. त्या इमारतीतून असलेही काम झाले आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

आता दुसऱ्याकडे वळू. त्याच्यासाठी धरमपेठ सोडून वर्धा रोड धरावा लागतो. माझा एक विद्यार्थी हिंगणघाट तालुक्यातला. “सर, एकदा वावरात या,” असे त्याचे दोन वर्षांचे निमंत्रण होते. गेल्या साली दिवाळीच्या सुटीत ते साधले. वाटेत पांजरीजवळ केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शिवार लागते. ही संस्था १९७६ पासून नागपुरात आहे. पुढे बुटीबोरी, मग जाम, आणि जामपासून हिंगणघाटापर्यंत दोन्ही बाजूंना पऱ्हाटीच पऱ्हाटी. इथला कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात हिंगणघाट या नावानेच ओळखला जाई. १८६७ साली नागपूरला आगगाडी आली ती मुख्यतः कापसासाठी, आणि १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली तीही कापसासाठी. आमच्या नागपूरच्या अंगावरचा अर्धा कपडा या काळ्या मातीचा. गिरणी बंद पडली. पऱ्हाटी उभी आहे.

विद्यार्थ्याचे वडील वावरात आमची वाट पाहत होते. हात जोडून झाले, चहा झाला. मी म्हटले, “भाऊ, कापूस तर छान फुटलाय!”

त्यांनी एक न उमललेले बोंड तोडले आणि दोन बोटांनी फोडले. आत कापूस नव्हता; पिवळट, चिकटलेली फोड होती आणि तिच्यात एक इवलीशी गुलाबी अळी वळवळत होती. “वरून कसं चांगलं दिसते, सर. फोडलं का आतमंदी कवडी,” ते म्हणाले. “श्रावण-भादव्यात डोमकळी दिसली, तवाच समजलो होतो.”

डोमकळी! मराठी शिकवणाऱ्या माणसाने हा शब्द ऐकून वही काढावी, आणि शेतकऱ्याने तो उच्चारताना कपाळाला हात लावावा. कपाशीच्या कळीत अळी शिरली की ती आतून रेशमी धाग्याने पाकळ्या शिवून टाकते. फूल उमलत नाही. मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. ती डोमकळी. इतकी सुरेख आणि इतकी अशुभ वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

या अळीचा पतंग पाहून कोणाची निराशा व्हावी. करड्या-तपकिरी रंगाचा, नखाएवढा, पंखांना झालर असलेला. दिवसा तो ढेकळांत दडून बसतो. ओसरीवरच्या दिव्यापाशी आला तर केरसुणीलाही त्याची दखल घ्यावीशी वाटणार नाही. पण त्याची कुंडली मोठी आहे. १८४२ साली भडोचच्या सरकारी कपाशीवर तो सापडला, आणि पुढच्या वर्षी साँडर्स नावाच्या इंग्रजाने त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. म्हणजे हा आपल्या शेजारच्या गुजरातेतून जगाला ओळखीचा झालेला प्राणी. सरकीच्या दाण्यांत झोपून त्याने आगबोटीने प्रवास केला. इजिप्त, तिथून मेक्सिको, आणि १९१७ साली अमेरिकेतले टेक्सास. दोन सरक्या धाग्याने जोडून मधल्या पोकळीत ही अळी महिनोन् महिने झोपू शकते. बिनभाड्याचा असा शयनकक्ष दुसऱ्या कोणाला मिळाला नसेल.

त्याचे खाणेही असेच ठरलेले. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या नात्यागोत्यात तो क्वचित पाहुणा जातो; पण त्याचा खरा संसार कपाशीच्या बोंडात. किरमिजी गुलाबाच्या अळीला जशी किडामारी, तशी याला सरकी. दोघेही एका अन्नाचे बांधील. फरक पडला तो इतकाच, की एकाचे अन्न आपण लक्षावधी एकरांत स्वतःच्या हाताने पेरले आणि दुसऱ्याचे अन्न तण म्हणून उपटले.

२००२ साली आपल्याकडे बीटी कापूस आला. जमिनीतल्या एका सूक्ष्म जंतूचे विष कपाशीच्या झाडातच तयार होईल अशी योजना. हिरवी आणि ठिपक्यांची बोंडअळी हटली, फवारे कमी झाले, शेतकऱ्याने नि:श्वास टाकला. त्या काळात बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी मिळे. तीत साधी, बिनविषाची सरकी असे. ती शेताच्या कडेने लावायची होती, अळ्यांसाठी! हे ऐकून कोणीही हसेल. पण त्यात खोल हिशेब होता. विषाला न जुमानणारी अळी लाखांत एखादी असते. साध्या कपाशीच्या ओळीत विषाला बळी पडणाऱ्या भरपूर अळ्या सुखाने वाढू दिल्या, तर त्यांचे पतंग त्या एखाद्या दांडग्या पतंगाशी जोडी जमवतील, आणि होणारी संतती पुन्हा विषाला बळी पडेल. शत्रूच्या गरीब नातलगांना कोपऱ्यात थारा द्यायचा, म्हणजे त्यांच्यातला पैलवान एकटा पडतो.

पुडी बहुतेकांनी बांधावर फेकली किंवा घरीच ठेवली. दोष कोणाला द्यावा? चार एकरांच्या धन्याला किडीसाठी ओळी राखायला सांगायचे, तेही का ते समजावल्याशिवाय! भाऊंनी मला सरळ सांगितले, “आमाले कोनी सांगतलंच नाही जी. आमी म्हनलो, वरची फुकट पुडी हाये, हलकी असन.” २००६ साली दुहेरी विषाचा कापूस आला. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळीने पहिले विष पचवल्याचे जाहीर झाले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिने दुसरेही पचवले. त्यात ओलिताच्या शेतात फरदड, म्हणजे वेचण्या संपल्यावरही फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवलेले पीक. अळीला बारमाही खानावळ उघडून दिल्यासारखे झाले. २०१७ चा हंगाम विदर्भात कोणी विसरणार नाही. बोंडे पोखरली गेली, आणि त्याच साली फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. एका नखाएवढ्या पतंगाच्या मागे धावताना माणसे गेली.

आणि नेमके पुढच्याच वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेने आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिथे त्यांनी बीटी कापूस लावला, काही वर्षे साध्या कपाशीच्या ओळीही राखल्या, आणि नंतर कारखान्यात वाढवलेले, किरणांनी वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानांतून शेतांवर सोडले. हे पतंग ओळखू यावेत म्हणून अळीपणी त्यांना रंगीत खाद्य देत. रानातल्या पतंगांना जोडीदार मिळत, पण वंश पुढे चालत नसे. तिकडची शेते शेकडो एकरांची, पाणी हुकमी, सरकार पाठीशी. आपल्याकडे दोन-चार एकरांचे लाखो धनी. प्रत्येकाची पेरणी वेगळी, वेचणी वेगळी, कर्जाचा हप्ताही वेगळा. ते औषध इकडे जसेच्या तसे लागू पडेल असे मला वाटत नाही. भाऊंच्या शेतात मात्र कामगंध सापळे टांगलेले होते. मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंगांना भुलवून पिशवीत पाडणारे. १९७३ साली तो वास रसायनशास्त्रज्ञांनी ओळखला. दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाची कविता आपण इतकी वर्षे शिकवली. खरी झेप ही अशी, अंधारात, एका वासाच्या मागे.

आम्ही धुऱ्यावरून परत निघालो. धुरा म्हणजे आपल्याकडचा बांध. विदर्भातले शेत मोजायचे ते धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. तिथे गवतात, जमिनीला चिकटून, गोलसर करड्या-हिरव्या पानांची एक वेल पसरली होती. पान चुरगळले तर उग्र वास. मी वाकून पाहिले. पानाखाली काळपट तांबड्या, अंगभर नारिंगी गाठी असलेल्या तीन अळ्या बसल्या होत्या.

“भाऊ, ही किडामारी ना?”

“हो जी. बैलाच्या खांद्याले जखम झाली, त्यात किडे पडले, का आमचा बाप याचाच रस पिळे. म्हनून धुऱ्यावर राहू देत होतो.”

“आणि आता?”

“आता कायचे बैल, सर? टॅक्टर हाये.”

माझा विद्यार्थी तोपर्यंत पानाखालच्या अळ्यांचे छायाचित्र घेण्यात गुंतला होता. ही फुलपाखराची पिले आहेत आणि ते फुलपाखरू वाघाच्या पंक्तीतले होते, असे मी सांगितले तेव्हा भाऊ मोठ्याने हसले आणि खाली बसून, हात न लावता, बराच वेळ पाहत राहिले. “कपाशीवर तं नाही ना जात?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “नाही. उपाशी मरतील, पण कपाशीवर जाणार नाहीत.”

“मंग बरं हाय,” ते म्हणाले.

विहिरीजवळ निंबाच्या सावलीत फवारणीचा पंप आणि तणनाशकाचा डबा ठेवलेला होता. धुरे साफ करायला दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस यायचा होता. भाऊंनी एकदा डब्याकडे पाहिले, एकदा वेलीकडे, मग पायातली वहाण काढून त्यांनी वेलीभोवती टाचेने एक रेघ ओढली आणि मुलाला म्हणाले, “सकाळी त्याले सांगजो, एवढी जागा सोड म्हनून. मी वावरात नसलो तं तूच उभा राहाय.”